सुशी खायची, पण कुठे?

सिटीलाइटच्या किंवा दादरच्या मासळीबाजारात लहानपणापासून पिशवी धरून उभं राहिलेल्या माणसाला मासा कसा पारखायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. कल्ले उचलून बघायचे, लालभडक हवेत. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. अंगठ्याने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. आणि शेवटी, जरा संशयाने, "बर्फातला तर नाही ना?" हा प्रश्न ठरलेला. कोळीण चिडते, शपथा घालते, पण प्रश्न विचारल्याशिवाय आपण पैसे काढत नाही.

सुशीच्या ताटापुढे हे सगळं ज्ञान निकामी ठरतं. तिथे मासा येतो तो अंगठ्याएवढ्या कापाच्या रूपात. त्याला कल्ले नाहीत, डोळे नाहीत, बहुतेक वेळा कातडीही नाही. शिवाय तो कढईत जाणार नाही, थेट तोंडात जाणार आहे. पूर्वी सुशी ही पंचतारांकित हॉटेलांतली गोष्ट होती. ताजमहाल हॉटेलात जपानी शेफ मासाहारु मोरिमोटो यांच्या नावाचं रेस्तराँ २००४ मध्ये सुरू झालं, तेव्हा मराठी घरात 'कच्चा मासा' म्हटलं की नाक मुरडलं जायचं. आता वांद्रे, लोअर परळ, पवई, पुण्यात कोरेगाव पार्क, मॉलचे फूड कोर्ट, सगळीकडे सुशी मिळते. मुलीचा पहिला पगार झाला की ती आईबाबांना घेऊन जाते ती तिथेच. आणि मग घरातल्यांचा खरा प्रश्न असतो: कुठे खाल्ली तर चालेल?

या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी चार-पाच रेस्तराँची नावं देणार नाही. आचारी बदलतात, मालक बदलतात, फ्रिज बिघडतात, आणि गेल्या वर्षीचं चांगलं ठिकाण या वर्षी चांगलं असेलच असं नाही. पण सुशीच्या ताटात नेमके कोणते धोके असतात आणि चांगला सुशीवाला ते कसे टाळतो, हे एकदा कळलं की ठिकाण आपलं आपल्याला पारखता येतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला भात, आणि त्याच्यासोबत जे काही असेल ते: मासा, अंडं, काकडी, काहीही. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप दिले तर ती साशिमी. आणि या पदार्थाचा जन्म ताज्या माशातून झालेलाच नाही. तो झाला मासा टिकवण्याच्या खटपटीतून. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन् महिने ठेवायचा. भात आंबतो, त्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं, त्या आंबटपणाने मासा टिकतो. इडलीचं पीठ आंबताना जे जिवाणू काम करतात त्यांच्याच भाऊबंदांचं हे काम. जपानमधल्या बिवा सरोवराच्या काठी असा मासा आजही करतात, त्याला फुनाझुशी म्हणतात. त्याचा वास सुक्या बोंबलाची सवय असलेल्यालाही जड जाईल.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोक्योत, लोकांना एवढी वाट बघायला वेळ नव्हता. आंबवण्याऐवजी भातात सरळ व्हिनेगर घालायचं आणि त्यावर मासा ठेवून हातात द्यायचा, ही पद्धत तिथे रुजली. हानाया योहेई या विक्रेत्याला तिचं श्रेय दिलं जातं. हे रस्त्यावरचं खाणं होतं, आपल्या वडापावासारखं. त्या काळी बर्फ नव्हता, फ्रिज नव्हता. म्हणून मासा कच्चा क्वचितच असायचा. कुपा, म्हणजे ट्यूना, सोया सॉसमध्ये मुरवलेला, छोटे मासे मीठ आणि व्हिनेगर लावलेले, कोळंबी उकडलेली, वाम शिजवलेली. म्हणजे जुना सुशीवाला जे करत होता त्यातलं बरंचसं माशाची चव सांभाळत त्याला धोक्यापासून वाचवणं होतं. आजच्या चांगल्या सुशीवाल्याचं कामही तेच आहे, फक्त साधनं बदलली आहेत.

पहिला धोका कृमीचा. 'अनिसाकिस' नावाचा एक गोल कृमी समुद्रात असतो. त्याचं खरं घर म्हणजे व्हेल, डॉल्फिन, सील यांचं पोट. त्यांच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात, त्यातून निघालेल्या अळ्या कोळंबीसारखे बारीक जीव गिळतात, त्यांना मासे आणि माकुळ खातात, आणि अळी माशाच्या पोटात वेटोळं करून वाट बघत बसते. तिला व्हेल हवा असतो. चुकून माणूस मिळतो. दोन-तीन सेंटिमीटर लांबीची ही पांढरट अळी माणसाच्या जठराच्या भिंतीत घुसायचा प्रयत्न करते आणि काही तासांत पोटात असह्य कळा सुरू होतात. दुर्बिणीतून चिमट्याने अळी काढली की कळ थांबते, इतकं ते सरळ असतं, पण त्यासाठी डॉक्टरला आधी शंका यायला हवी. जपानमध्ये अलीकडच्या वर्षांत अन्नविषबाधेच्या नोंदलेल्या घटनांत अनिसाकिसच्या घटनांची संख्या सर्वांत वरच्या क्रमांकांत असते. म्हणजे जिथे हा पदार्थ जन्मला तिथेही हा प्रश्न संपलेला नाही.

वसाबी लावला, व्हिनेगर लावलं, लिंबू पिळलं की कृमी मरतात, असं अनेकजण ठामपणे सांगतात. ते खरं नाही. जेवणात वापरतो तेवढ्या व्हिनेगरने, मिठाने किंवा वसाबीने अनिसाकिस मरत नाही. तो मरतो उष्णतेने किंवा कडक थंडीने. जपानचं आरोग्य खातं सांगतं की उणे २० अंश सेल्सिअसला २४ तास गोठवा. युरोपचा नियमही तोच आहे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन उणे २० ला सात दिवस, किंवा उणे ३५ ला पूर्ण गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवायला सांगतं. नेदरलँड्समध्ये कच्चा हेरिंग मासा खायची जुनी परंपरा आहे. तिथे साठच्या दशकात याच कृमीचे रुग्ण सापडले, हेरिंग आधी गोठवायचा नियम झाला, आणि लोक आजही तो मासा तितक्याच आवडीने खातात.

इथे आपली मासळीबाजारातली अक्कल उलटी फिरवावी लागते. बर्फातला मासा म्हणजे शिळा, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. सुशीच्या बाबतीत मात्र नीट गोठवलेला मासा हाच बहुतेक वेळा सुरक्षित मासा. म्हणून रेस्तराँत विचारायचा पहिला प्रश्न "ताजा आहे का?" हा नव्हे. त्याला "एकदम फ्रेश, मॅडम" याखेरीज दुसरं उत्तर मिळणारच नाही. विचारायचं ते असं: हा मासा कुठून आला, शेतीतला आहे की समुद्रातून पकडलेला, आणि गोठवलेला होता का? ज्या ठिकाणी वेटर आत जाऊन विचारून येतो, किंवा काउंटरमागचा शेफ स्वतः सांगतो की सॅमन नॉर्वेच्या मत्स्यशेतीतला, ट्यूना गोठवून आलेला, ते ठिकाण विश्वास ठेवण्याजोगं. आणि जिथे अभिमानाने सांगतात की "आज सकाळीच ससून डॉकवरून आणला", तिथून मी गुपचूप भाज्यांची सुशी मागवून मोकळी होईन.

शेतीतला सॅमन का चालतो? कारण त्याला कृमी मिळायची वाटच बंद केलेली असते. अळी माशात येते ती त्याच्या खाण्यातून. नॉर्वेतल्या जाळ्यांतले सॅमन कोरडं गोळीखाद्य खातात, म्हणून त्यांच्यात अनिसाकिस असण्याची शक्यता फारच कमी. गंमत अशी की जपानी लोक स्वतः सॅमन कच्चा खात नसत. प्रशांत महासागरातल्या सॅमनमध्ये कृमी असतात हे त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं, तो ते भाजून खायचे. १९८०च्या दशकात नॉर्वेकडे शेतीतला सॅमन गरजेपेक्षा जास्त झाला आणि त्यांनी जपानमध्ये चिकाटीने प्रचार करून तो सुशीवर बसवला. आज जगभरच्या सुशीच्या मेनूवर सॅमन पहिला दिसतो त्यामागे ही व्यापाराची गोष्ट आहे. आपल्याकडे एक जास्तीची खबरदारी: रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात. रावस हा सॅमनचा दूरचाही नातेवाईक नाही. मेनूवर नुसतं सॅमन लिहिलं असेल आणि ताटात नारिंगी रंग दिसत नसेल तर विचारायला लाजू नका.

गोड्या पाण्यातल्या माशाचा विषयच काढू नये. रोहू, कटला, नदीतला कुठलाही मासा कच्चा खाणं म्हणजे यकृतातल्या चपट्या कृमींपासून कातडीखाली फिरणाऱ्या अळ्यांपर्यंत अनेकांना आमंत्रण. या बाबतीत चांगले सुशीवाले एकमुखी असतात.

गोठवण्याने कृमी मरतात, जिवाणू मरत नाहीत. ते झोपतात, आणि वितळलं की उठतात. सागरी माशांवर राहणारा 'व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस' हा जिवाणू १९५० मध्ये ओसाकात सापडला, तोही एका मोठ्या दुर्घटनेनंतर. अर्धवट सुकवलेले बारीक मासे खाऊन २७२ जण आजारी पडले, २० जण दगावले. हा जिवाणू कॉलऱ्याच्या जिवाणूचा भाऊबंद. ऊब आणि खारटपणा मिळाला तर दर दहा मिनिटांच्या आसपास त्याची संख्या दुप्पट होऊ शकते. दहा मिनिटांना दुप्पट म्हणजे किती हे लक्षात येण्यासाठी एक हिशेब करा: एकाचे दोन, दोनाचे चार असं तीन तास चाललं तर एका जिवाणूचे अडीच लाखांहून जास्त होतात. पण पाच अंशांखाली ठेवलं तर त्याची वाढ थांबते, आणि गोड्या पाण्याने धुतलं तर बरेचसे मरतात. म्हणून सारा खेळ थंडीचा. विमानतळावर उतरलेली पेटी किती वेळ उभी होती, रेस्तराँच्या फ्रिजचं तापमान कोण बघतं, वीज गेली तेव्हा काय केलं, यावर आपलं पोट अवलंबून आहे.

ही साखळी ग्राहकाला दिसत नाही, पण तिच्या खुणा दिसतात. काउंटरवरच्या काचेच्या थंड पेटीत मासा झाकून ठेवला आहे का, की सजावटीसाठी बाहेर मांडला आहे? काप मागणीनुसार कापले जातात की आधीच कापून ठेवलेले, कडा सुकून किंचित वाकलेल्या? कच्च्या माशाची पाटी आणि सुरी वेगळी आहे, की त्याच पाटीवर चिकन कापलं जातं? शेफ हात किती वेळा धुतो? हातमोज्यांनी फसू नका. मोजे घालून फोन उचलणारा, गल्ल्यावर पैसे घेणारा आणि पुन्हा भात दाबणारा माणूस मी पाहिला आहे. टोक्योतले नामवंत शेफ उघड्या हाताने सुशी करतात आणि दर थोड्या वेळाने हात धुतात. स्वच्छता हातात असते, मोज्यात नसते. आणि नाक वापरा. चांगल्या सुशीच्या दुकानात शिरल्यावर मासळीचा वास येत नाही, व्हिनेगरचा आणि भाताचा येतो.

भाताबद्दल आपल्याला कुणी काही शिकवायची गरज नाही असं वाटतं, पण सुशीत खरी परीक्षा भाताचीच असते. शिजवलेला भात उबेत तासन् तास राहिला की त्यात 'बॅसिलस सिरिअस' वाढतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. दुपारचा भात रात्री खाऊन उलट्या झाल्याच्या कथा प्रत्येक घरात आहेत. सुशीचा भात तर शरीराच्या तापमानाला ठेवायचा असतो, म्हणजे जिवाणूंच्या सोयीच्या तापमानाला. त्याला वाचवतं ते व्हिनेगर. भाताचा पीएच ४.६ च्या खाली गेला की हे जिवाणू वाढत नाहीत, आणि काही देशांत रेस्तराँना भाताचा पीएच मोजून त्याची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे चव गोडसर करण्यासाठी साखर वाढवून व्हिनेगर कमी करायची पद्धत काही ठिकाणी दिसते. तेव्हा सुशीचा भात हलका आंबट लागला पाहिजे. अजिबात आंबट नसेल तर तो नुसता चिकट भात आहे.

भाताची दुसरी खूण म्हणजे त्याचा कडकपणा. फ्रिजमध्ये ठेवलेला भात सकाळी टणक होतो, त्याचा आपण फोडणीचा भात करतो. शिजताना फुललेला पिष्टमय पदार्थ थंडीत पुन्हा घट्ट रचनेत बसतो, म्हणून असं होतं. सुशीतला भात थंड आणि टणक लागला तर समजावं की ती आधी बनवून फ्रिजमध्ये ठेवलेली आहे. धोका म्हणून हे फार वाईट नाही, उलट उबेत पडून राहण्यापेक्षा बरंच. पण तेवढे पैसे देण्याजोगं मुळीच नाही. चांगल्या निगिरीतला भात जिभेवर ठेवताच सुटतो, किंचित कोमट असतो, आणि वरचा मासा थंड.

तिसरा धोका आपल्या ओळखीचा आहे, फक्त नाव वेगळं. बांगडा खाऊन अंगावर चट्टे उठले, तोंड लाल झालं, डोकं ठणकलं, छातीत धडधडलं, असं कुणाचं तरी झालेलं असतं आणि घरात ठरतं की याला बांगड्याची अॅलर्जी. अनेकदा ती अॅलर्जी नसते. बांगडा, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन गोठवून जात नाही, तळूनही जात नाही. कधी कधी असा मासा जिभेला मिरीसारखा चुरचुरतो. ट्यूनाचा काप तसा लागला तर थुंकून टाकावा, भिडेखातर गिळू नये.

ट्यूनाचा रंगही बोलतो. त्याचा लाल रंग मायोग्लोबिनचा असतो, तोच हळूहळू तपकिरी होतो, साध्या डीप फ्रीजरमध्येसुद्धा. म्हणून जपानी बोटी तो उणे ६० अंशांना गोठवतात. हा खर्च टाळायचा एक मार्ग म्हणजे माशाला कार्बन मोनॉक्साइड लावणं. रंग मग टरबुजासारखा गुलाबी-लाल होतो आणि मासा खराब झाला तरी तसाच राहतो. जपान आणि युरोपीय संघात याला बंदी आहे. खऱ्या ट्यूनाचा रंग गडद, थोडा असमान असतो. प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा एकसारखा चमकणारा काप दिसला तर मी पुढे सरकते.

माशाच्या जातीबाबत तर फसवणूक जगभर आहे. लॉस एंजेलिसमधल्या २६ सुशी रेस्तराँमधून चार वर्षं नमुने घेऊन त्यांची डीएनए तपासणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जवळपास निम्मे, ४७ टक्के मासे मेनूवर लिहिलेले नव्हतेच. 'रेड स्नॅपर' म्हणून दिलेला एकही मासा रेड स्नॅपर निघाला नाही. यातलं सगळंच आरोग्याला घातक नसतं, पण एक नाव लक्षात ठेवा: 'व्हाइट ट्यूना'. या नावाखाली अनेकदा एस्कोलार नावाचा मासा खपवला जातो. चवीला लोण्यासारखा, पण त्यातलं मेणासारखं तेल माणसाला पचत नाही आणि नंतर पोटातून नारिंगी तेलाच्या रूपात न विचारता बाहेर येतं. जपानमध्ये या माशाच्या विक्रीला मनाई आहे.

आता ताजेपणाचं काय? ताजा मासा चविष्ट असतो, पण नुकताच मेलेला मासा सर्वांत चविष्ट असतो हेही अर्धसत्य. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूतला ऊर्जेचा साठा, एटीपी, पायरीपायरीने मोडत जातो. मधल्या एका पायरीवर इनोसिनिक आम्ल तयार होतं. शिंतारो कोदामा या जपानी शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये सुकवलेल्या बोनिटो माशात उमामी चवीचा स्रोत म्हणून ते शोधलं. ते साठतं तोवर मासा गोडसर होत जातो. पुढच्या पायऱ्यांवर ते संपतं आणि कडवटपणा येतो. ही घसरण मोजायला जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये 'के मूल्य' नावाचं माप दिलं. ते २० टक्क्यांच्या आत असेल तर मासा साशिमीला योग्य धरतात. चांगले शेफ पांढऱ्या मांसाचा मासा एक-दोन दिवस, कधी जास्तही, थंडीत मुरू देतात ते यासाठी. मात्र त्यासाठी मासा पकडल्यावर तडफडू न देता लगेच मारून, रक्त काढून थंड केलेला असावा लागतो. तडफडण्यात एटीपी संपून जातं, मग चव यायची कुठून? आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यात तासभर चेंगरलेल्या माशाची सुशी का होत नाही, याचं एक कारण हेही आहे.

हिरव्या वसाबीबद्दल दोन शब्द. आपल्याकडे जवळपास सगळीकडे मिळतो तो हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचा गोळा. खरा वसाबी किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत वास गमावतो, शिवाय महाग, म्हणून हा बदली खेळाडू. त्यात फसवणूक मानायचं कारण नाही, नाकात जाणारा झटका दोन्हींत मोहरीच्याच रसायनाचा. सोया सॉसचं मात्र भान ठेवा. एका टेबलस्पूनमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते. रक्तदाबाच्या माणसाने भात बुडवू नये, माशाचं टोक टेकवावं. जपानीही तसंच करतात. मधुमेह असलेल्यांनी भातात साखर आहे हे धरून चालावं.

ऑनलाइन तारे बघून ठिकाण ठरवण्याबद्दल विचारतात. जपानमधल्या 'ताबेलॉग' या रेस्तराँ-परीक्षणाच्या सेवेवर पाचपैकी साडेतीन मिळाले तरी ते ठिकाण चांगलं मानतात. आपल्याकडे सव्वाचारच्या खाली कुणी बघत नाही. शिवाय आपले तारे दिवाबत्ती, संगीत आणि सेल्फीच्या भिंतीलाही मिळतात. माझ्या दृष्टीने जास्त उपयोगी गोष्टी वेगळ्या. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी लावला आहे का. मेनू छोटा आहे का: चार पानांत सुशी, पास्ता, बिर्याणी आणि मंचुरियन असेल तर तिथे कच्च्या माशाचा खप किती असणार, आणि न खपलेला मासा जातो कुठे? गर्दी आहे का, आणि ती गर्दी सुशी खाते आहे का? सोमवारी दुपारी रिकाम्या रेस्तराँत साशिमी मागवण्यापेक्षा शुक्रवारी रात्री भरलेल्या ठिकाणी थांबणं बरं. काउंटरवर जागा मिळाली तर तिथेच बसा. टोक्योतलं जिरो ओनो यांचं जगप्रसिद्ध दुकान गिन्झातल्या एका इमारतीच्या तळघरात आहे आणि त्यात जेमतेम दहा खुर्च्या आहेत. शेफच्या हातातून तुमच्या तोंडात जायला काही सेकंद लागतात, आणि मधलं काहीही लपत नाही.

घरपोच सुशी मागवायची असेल तर ठिकाण जवळचं निवडा. वांद्र्याहून मुलुंडला ऑक्टोबरच्या उन्हात, दुचाकीच्या पेटीत, शेजारी गरम बिर्याणी, अशा प्रवासानंतर आलेल्या कच्च्या माशाला मी हात लावणार नाही. लांबून मागवायची असेल तर काकडी, अॅव्होकॅडो, तळलेली कोळंबी असे प्रकार मागवा. तेही आल्या आल्या खावेत.

काहींनी कच्चा मासा टाळावाच, ठिकाण कितीही चांगलं असलं तरी. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुलं, फार वय झालेले, केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, यकृताचा जुना आजार असलेले. गरोदरपणात लिस्टेरिया हा जिवाणू बाळापर्यंत पोचतो आणि तो फ्रिजमध्येही वाढतो, म्हणून धुरावलेला थंड सॅमनही नको. मोठ्या ट्यूनामध्ये पारा साठतो. जपानचं आरोग्य खातं गरोदर स्त्रियांना ब्लूफिन आणि बिगआय ट्यूना आठवड्याला ८० ग्रॅमच्या वर नको असं सांगतं, आणि ज्या देशाने मिनामाताचं पारा-प्रकरण भोगलं त्याने हे सांगितलेलं मनावर घ्यावं. पण म्हणून डोहाळे लागलेल्या सुनेला घरी बसवायचं कारण नाही. अंड्याची तामागो, काकडीची माकी, उकडलेल्या कोळंबीची निगिरी, शिजवलेली वाम हे सगळे जपानी सुशीचे अस्सल आणि जुने प्रकार आहेत. फक्त तिच्यासाठी पाटी आणि सुरी वेगळी घ्या, असं शेफला सांगायचं. जो ऐकून मान हलवतो आणि पाटी बदलतो, त्याच्याकडे बाकीच्यांनी खुशाल साशिमी मागवावी.

खाल्ल्यानंतर काही तासांत पोटात जोराची कळ आली, अंग सुजलं, उलट्या-जुलाब थांबेनात किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: "मी काल कच्चा मासा खाल्ला." आपल्याकडे पोटदुखी म्हटली की आम्लपित्ताची गोळी मिळते. हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलतं.

राहिला प्रश्न घरी करून बघण्याचा. यूट्यूबवर बघून सुरमईची साशिमी करायचा मोह अनेकांना होतो. आपल्या घरचा फ्रीजर फार तर उणे १८ च्या आसपास जातो, दार उघडझाप झाली की आणखी वर येतो, आणि बाजारातला मासा किती वेळ उन्हात होता हे आपल्याला ठाऊक नसतं. 'सुशी ग्रेड' असं लिहिलेलं पाकीट मिळतं, पण त्या शब्दांना सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही, पुरवठादार कोण हे महत्त्वाचं. परवा सिटीलाइटला मी माझ्या नेहमीच्या कोळणीला सहज विचारलं, ही सुरमई कच्ची खाल्ली तर? तिने सुरी खाली ठेवली. "कच्ची? नको गो बाय. माझा मासा चांगला हाय, पन तो तव्यावरचा हाय." मग माझ्यासाठी तुकड्या करता करता शेजारणीला म्हणाली, "यांना काय झालंय बघ."